सडवा तोच, कलम वेगळं

(माहूर इथं चैत्रात भरलेल्या युवक अभ्यासशिबिरातलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. मध्ये पोरांनी प्रश्न विचारले ते गाळलेत, उत्तरं ठेवलीत.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं 'कवी' छापलंय आणि विषय छापलाय 'व्यसन आणि आपण'. कविता आज म्हणणार नाही. विषयही थोडा वाकवणार आहे. व्यसनावर काल तीन भाषणं झाली. दारू वाईट, असं तिन्ही वेळा ठरलं. ठरलं ते बरोबरच. माझा चुलता चाळिशीच्या आत दारूनं गेला. विषारी दारूनं नव्हे, रोजच्या साध्या दारूनं. बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यातली दारूची प्रतिज्ञा मी पाळतो. पण काल एकानंही दारू होते कशी हे सांगितलं नाही. ज्या शत्रूला आपण एवढ्या शिव्या घालतो, त्याची साधी चौकशीही आपण केलेली नाही. म्हणून मी आज तेवढंच सांगणार. साखरेची दारू कशी होते, ती कोण करतं, त्यासाठी कुणावर केस होते आणि कुणाला त्याच कामासाठी स्वस्त कर्ज मिळतं.

आधी एक कबुली देतो.

सात वर्षांपूर्वी, मी अठरा-एकोणीसचा असताना, आम्ही सहा पोरं गावात दारूबंदी करायला निघालो होतो. गाव इथून फार लांब नाही. ओढ्याच्या काठाला एका कोलाम म्हातारीचा माठ होता, अर्धा मातीत पुरलेला, वर फडकं बांधलेलं. चुलता जाऊन वर्ष झालं नव्हतं. मी दगड उचलला आणि घातला. सगळा सडवा ओढ्यात गेला. आंबूस-गोड वास अजून नाकात आहे. म्हातारी ओरडली नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "फुलं येचाले किती दिस लागले, ठाव हाय का तुले?"

मला ठाव नव्हतं. त्याच आठवड्यात खाकीतली माणसं आली आणि तिच्यावर केस झाली, कारण बातमी आम्हीच दिली होती. तिनं बोकड विकून जामीन केला. आम्हाला गावात हार घातले.

मग मी मुंबईला गेलो. आजा गोदीत होता, त्याच्या ओळखीवर मीही लागलो, कंत्राटावर. दहावी पास आहे. आजा त्याला मॅट्रिक म्हणायचा आणि चारचौघांत सांगत फिरायचा. गोदीत मी साखर वाहिली. आजाच्या काळी साखरेचं पोतं क्विंटलचं असायचं, आता पन्नास किलोचं असतं. पोत्यांवर साखर कारखान्यांची नावं छापलेली. आमच्या टोळीत एक जाणता गडी होता. तो तरुणपणी एका डिस्टिलरीत कामाला होता. एका रात्रपाळीला बोट लागायला उशीर झाला, तेव्हा पोत्यावर बसून त्यानं मला टाकीतलं काम सांगायला सुरुवात केली. मळीत पाणी घालतात, मग यीस्ट सोडतात, मग ती उकळल्यागत बुडबुडते. मी ऐकत गेलो आणि मला घाम फुटला. तो सांगत होता ती टाकी लाखो लिटरची होती. पण आत चाललेलं काम त्या माठातलंच होतं.

आता ते काम बघा. यीस्ट म्हणजे एक पेशीचा जीव. हजार-दोन हजार पेशी ओळीनं मांडल्या तर एक सेंटिमीटर भरेल, एवढी बारीक. फळावर, फुलावर, उसाच्या कांडीवर ती आधीच बसलेली असते. तिला साखर लागते. हवा भरपूर असली की ती मुख्यतः स्वतःची संख्या वाढवते. हवा तुटली की साखर पुरती न जाळता अर्धवट सोडते. त्या अर्धवट कामातून दोन वस्तू निघतात : एक इथेनॉल, म्हणजे दारूतला मूळ अर्क, आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड वायू. १८० ग्रॅम ग्लुकोज गेलं तर ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम वायू. जवळजवळ निम्मं-निम्मं. साखरेतली बहुतेक ताकद इथेनॉलमध्येच शिल्लक राहते, म्हणून काडी लावली की ते पेटतं आणि म्हणून त्यावर मोटार चालते. उसाची साखर यीस्टला अखंड खाता येत नाही. ती आधी तिचे दोन तुकडे करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, मग खाते. आणि खाता खाता स्वतःच्याच दारूत बुडते. अर्क बारा-पंधरा टक्क्यांवर गेला की साधी यीस्ट थांबते, मरते. म्हणून नुसतं आंबवून कुणालाही कडक दारू करता येत नाही. त्यापुढं आच लागते.

हे यीस्ट करते, हे माणसाला फार उशिरा कळलं. १८५६ च्या सुमाराला फ्रान्सच्या लील गावात बीटापासून अर्क काढणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या नासायला लागल्या. त्यानं लुई पाश्चरला बोलावलं. पाश्चरनं भिंग लावलं. चांगल्या टाकीत गोल पेशी, नासक्या टाकीत काड्यांसारखे दुसरेच जंतू. तेव्हाचा मोठा जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग म्हणत होता, हे नुसतं कुजणं आहे, यात जिवंत काही नाही. पाश्चर म्हणाला, जिवंत आहे. पुढं १८९७ ला बुखनरनं यीस्ट चिरडून तिचा रस काढला आणि तो मेलेला रसही साखर आंबवतो हे दाखवलं. म्हणजे पेशीतल्या विकरांचं काम. त्याला १९०७ चं नोबेल मिळालं. आपल्या म्हातारीला कुणी काही दिलं नाही, पण जुन्या सडव्याचा तळ नव्या माठात घालायचा, हे तिला माहीत होतं. त्या तळात यीस्ट असते.

मोहाचं फूल तुमच्यातल्या मुंबई-पुण्याच्या पोरांनी पाहिलं नसेल. झाडाची पानं गळतात, मग चैत्रात फुलं येतात. रात्री उमलतात, पहाटे टपटप पडतात. मांसल, पिवळट पांढरी, हातात घेतली की चिकट. वाळली की मनुकेसारखी तांबूस होतात आणि त्या सुक्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. दुष्काळात लोकांनी ती खाऊन दिवस काढलेत. अस्वलही खातं. म्हातारी ती फुलं भिजवते, माठात घालते, चिमूटभर नवसागर टाकते. नवसागर हा अमोनियाचा क्षार, त्यातून यीस्टला नायट्रोजन मिळतो. डिस्टिलरीत त्याच कामाला युरिया टाकतात. माठाला उन्हाप्रमाणे चार ते आठ दिवस लागतात, टाकीला दीड दिवस. डिस्टिलरीवाले पाण्याच्या नळ्या फिरवून टाकी तीस-पस्तीस अंशांवर ठेवतात. म्हातारी माठ मातीत पुरते. ती ते लपवायलाही पुरते, हे खरं. पण गारवाही त्यातूनच मिळतो.

मग भट्टी. अर्क साधारण ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला. त्यामुळं वाफेत आधी अर्क जास्त येतो. 'पहिल्या धारेची' म्हणतात ती हीच. कारखान्यात माठाच्या जागी उंच मनोरा असतो. पण मनोऱ्यातूनही ९५-९६ टक्क्यांच्या वर अर्क जात नाही, कारण तिथं पाणी आणि अर्क हात धरून एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये पाणी चालत नाही, थर वेगळा पडतो. म्हणून शेवटी एक चाळणी लावतात. तिच्या छिद्रात पाण्याचा रेणू शिरून अडकतो, अर्काचा मोठा असल्यानं शिरत नाही. बाहेर येतं ते ९९ टक्क्यांच्या वरचं, गाडीत घालायचं इथेनॉल. म्हातारीकडं नाही ते एवढंच : मनोरा आणि चाळणी.

आणि त्या ८८ ग्रॅम वायूचं काय? माठातून तो बुडबुडून उडून जातो. टाकीत तो तळाला साचतो, हवेपेक्षा जड असल्यामुळं. टाकी रिकामी झाली की ती धुवायला आत कोण उतरतं? त्या गड्यानं मला सांगितलं, त्याच्यासमोर एक उतरला तो बोललाच नाही, त्याला काढायला दुसरा उतरला तोही पडला. दोघं कुठल्या वस्तीतले हे मी विचारलं नाही. गटारात उतरणारे ज्या वस्तीतले असतात त्याच. आमच्याकडं बोटीच्या होल्डमध्ये कोळसा किंवा ओंडके असले की असंच होतं, माल आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. तेव्हा इथं कारखान्यात कामाला जाणारे जे कोणी बसलेत, त्यांनी लिहून घ्या : हवा खेळवल्याशिवाय आणि वायू मोजल्याशिवाय टाकीत पाय घालायचा नाही. मुकादम ओरडला तरी नाही. आत पडलेल्याच्या मागं दोराशिवाय उडी टाकायची नाही.

आता कलमाकडं येतो.

इंग्रजांनी १८७८ ला मुंबई इलाख्यात आबकारी कायदा केला आणि गावोगावची दारू मोठ्या ठेकेदारांच्या भट्ट्यांकडं ढकलली. तरी लोक मोह गाळतच होते. म्हणून १८९२ ला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचाच कायदा आणला. दारूचा नव्हे, फुलाचा. झाडाखाली पडलेलं फूल उचलणं हाच अपराध. आपलं माहूर तेव्हा निझामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. तिथंही आबकारी हा खजिन्याचा मोठा आधार होता. १९५६ ला हा किनवट-माहूरचा पट्टा नांदेडला जोडला गेला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढं इकडंही आला. आज त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. पेपरात तुम्ही वाचता ना, 'सडवा नष्ट, कलम ६५ ई प्रमाणे गुन्हा'? तो हाच. मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध या राज्यानं उठवले ते २०२१ साली. फुलावरचे उठवले, गाळण्यावरचे नाहीत.

आता दुसरी बाजू. पेट्रोलमध्ये अर्क मिसळायची कल्पना नवी नाही, १९४८ लाच पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. ब्राझीलनं १९७५ ला तेल महागलं तेव्हा उसाच्या अर्कावर गाड्या चालवल्या. आपल्याकडं २००३ पासून पाच टक्के मिसळायला सुरुवात झाली. २०१३-१४ ला प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं, २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचलं. २०१८ पासून डिस्टिलरी उभारणाऱ्याच्या कर्जाचं काही व्याज सरकार भरतं. आता ७ डिसेंबर २०२३ ची गोष्ट ऐका. साखर कमी पडेल म्हणून केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. कारखानदारांनी दिल्ली गाठली. १५ डिसेंबरला बंदी सैल झाली, सतरा लाख टन साखर वळवायला परवानगी मिळाली. आठ दिवस! १८९२ पासून मोजा, फुलाला किती वर्षं लागली.

कुणी म्हणेल, अरे, ते इंधन आहे आणि ही दारू आहे. मान्य. पण कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून नुसतं इंधन निघत नाही. मळीच्याच अर्कात पाणी, रंग, वास घालून देशी दारूची बाटली भरते. तिच्यावर कर लागतो, दुकानाला परवाना मिळतो. माझा चुलता तीच परवानावाली प्यायचा. म्हातारीच्या माठातलं त्यानं कधी चाखलं नव्हतं. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी दगड मी माठावर घातला, दुकानावर नाही. दुकानदार गावातला वजनदार माणूस होता.

थोडा हिशोब करू. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे की एक टन उसापासून ७० लिटर इथेनॉल निघतं. रसापासून केलेल्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला ६५ रुपये ६१ पैसे द्यायच्या, हा २०२४-२५ पर्यंतचा भाव. म्हणजे टनाला साडेचार हजारांच्या वर. शेतकऱ्याची एफआरपी त्या वर्षी टनाला ३,४००, त्यातून तोडणी-वाहतूक कापून. आणि तोडणाऱ्याला? जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ मिळाली, तेव्हा कुठं टनाला साडेतीनशेच्या थोडं पुढं गेलं. तेही नवरा-बायको दोघांचं मिळून. दोन माणसांना मिळून 'एक कोयता' म्हणतात, हे शहरातल्या पोरांनी ऐकून ठेवा. माणसं मोजत नाहीत, हत्यार मोजतात. कारखान्याला खर्च आहे, कर्ज आहे, कबूल. पण चिपाडावर वीज होते, तीही विकली जाते. माहूर-किनवटच्या तांड्यांवरून दिवाळीनंतर उचल घेऊन किती ट्रक जातात, ते इथल्यांनी मला सांगायचं, मी त्यांना नाही. बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. फळीवरून चढणं काय असतं ते मला माहीत आहे, फक्त माझ्या पोटात पोर नसतं. बीड जिल्ह्यात २०१९ ला सरकारी समितीनं ८०,००० वर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,००० वर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं.

आता पाणी. त्याच अहवालात लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉलला किमान २,८६० लिटर पाणी जातं. बहुतेक पाणी शेतात जातं, कारखान्यात नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. भागाकार करा. १७५ लिटर इथेनॉल. गोदीतलं दोनशे लिटरचं एक पिंप भरत नाही. सगळं शहर ज्या गाडीच्या वाटेकडं डोळे लावून बसलं होतं, त्या गाडीची किंमत एवढी. मोहाच्या झाडाला मात्र कुणी कधी पाट काढून दिला नाही.

मग कुणीतरी मघाशी विचारलंच, मोहाचं इथेनॉल करायचा कारखाना आपणच का काढू नये? मी तोही हिशोब केलाय. किलोभर सुक्या फुलात अर्धा किलो साखर धरा. एक दाणाही वाया गेला नाही तरी त्यातून ३२० मिलिलिटरच्या आसपास इथेनॉल निघेल. २१ रुपयांचं. आणि २०२० साली केंद्रानं सुक्या फुलाचा आधारभाव किलोला १७ वरून ३० केलाय. तीस रुपयांचं फूल घालून एकवीस रुपयांचं इंधन! फूल फूल म्हणूनच विकावं, लाडू करावेत, वाळवून मुलांच्या खाऊत घालावं. तीस रुपये प्रत्यक्ष हातात पडतात का, हा प्रश्न आपण घ्यायचा. व्यापारी काट्यावर काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि म्हणून हातभट्टीचे गोडवे गायला मी उभा नाही. शहरातली हातभट्टी आणि हा माठ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. २००४ ला विक्रोळीत ऐंशीच्या वर माणसं गेली, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराच्या वर. सगळी झोपडपट्टीतली, आपली. त्यांना मारलं मिथेनॉलनं. मिथेनॉल यीस्ट करत नाही, फुलाच्या-फळाच्या आंबवणात ते नावापुरतंच असतं. ते कारखान्यात नैसर्गिक वायूपासून होतं आणि चोरीनं बाहेर येऊन स्वस्तात गुत्त्यावर पोचतं. दिसायला, वासाला अर्कासारखंच. शरीरात गेलं की त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी डोळे जातात. वस्तीत कुणी पिऊन दुसऱ्या दिवशी 'धुकं दिसतंय' म्हणाला, तर हँगओव्हर समजून झोपवू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या आणि 'मिथेनॉल असेल' हे शब्द डॉक्टरला स्पष्ट सांगा. त्यावर उतारा आहे, पण तासांच्या हिशोबात.

राहिली गावं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मोहफुलासारख्या गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांची मालकी मानली. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारू बंद करायचा किंवा तिच्यावर नियम घालायचा अधिकार दिला. म्हणजे माठ ठेवायचा की नाही, हे गावातल्या बायकांनी बसून ठरवायचं. दगड घेऊन आलेल्या पोरांनी नाही, आणि फक्त माठाचंच नाही, परवान्याच्या दुकानाचंही. मध्य प्रदेशनं आदिवासी बचतगटांना मोहाची दारू 'वारसा मद्य' म्हणून गाळायला परवानगी दिली आहे. मला ते पुरतं पटत नाही. बाटलीवर चित्र आदिवासीचं आणि पिणारा हॉटेलातला. पण मला पटण्याचा प्रश्न येतो कुठं? मी कोण?

काल शिबिर सुटल्यावर मी ओढ्याकडं गेलो होतो. म्हातारी आहे. डोळ्यांनी कमी दिसतं तिला, पण आवाजानं ओळखलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, माठ तीनशेचा होता. मी तीनशे दिले. तिनं मोजून घेतले आणि लुगड्याच्या गाठीत बांधले. बोकडाचं ती काही बोलली नाही, मीच विचारलं, तर म्हणाली ते पुढल्या खेपेला बघू. मग मी विचारलं, फुलं वेचायला किती दिवस लागतात? तर म्हणाली, "पुसून काय समजन? पहाटे ये."

तेव्हा उद्या पहाटे पाचला शाळेच्या फाटकापाशी जमायचं. ज्यांना यायचंय त्यांनीच या, सक्ती नाही. बॅटरी आणा, पायात चप्पल घाला, टोपल्या तिथं मिळतील. झाडाखालची पानं पेटवायची नाहीत, मागच्या वर्षी तसंच जंगल पेटलं होतं. आणि फुलं तिच्या टोपलीत टाकायची, खिशात नाही.